दोन हलची शिडाची होडी : वजन कुठं ठेवायचं?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मित्र, दोघं सांगलीचे आणि एक साताऱ्याचा, मिळून एक छोटी क्रूझिंग कॅटमरन, म्हणजे दोन हल (होडीची लांबट धडं) शेजारी जोडलेली होडी, बांधायला घेतोय. मिरज एमआयडीसीत एका मित्राची शेड रिकामी आहे, तिथं काम चालेल. मरीन प्लाय, इपॉक्सी, एक डोलकाठी, एक आउटबोर्ड इंजिन. आधी शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, बामणोली-तापोळा पट्ट्यात चालवायची. हात बसला की दोन्ही हल सुटे करून ट्रकवर घालायचे आणि कोकणात उतरायचं.

मापं अशी: प्रत्येक हल पाण्याच्या रेषेवर ७.२ मीटर लांब, ६० सेंमी रुंद, पाण्याखाली ३० सेंमी. दोन हलच्या मध्यरेषांमध्ये ३.४ मीटर अंतर. शीड २० चौरस मीटर.

घरच्यांना केबिन हवीय. इंजिन मागं, पेट्रोलचा डबा मागं, बॅटरी इंजिनाजवळ म्हणून मागं, पाण्याची टाकी मागच्या बाकाखाली जागा आहे म्हणून तीही मागं. असं करत करत सगळा संसार मागच्या दोन मीटरमध्ये गोळा झालाय. ड्रॉइंग बघितलं की मला चैन पडत नाही. जो भेटतो तो विचारतो, "किती माणसं बसतील?" वजन लांबीत कुठं बसलंय, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते अशा होडीचा सगळा स्वभाव त्यावरच ठरतो.

जाणकारांनी सांगावं: हे मागचं वजन खरंच किती नडेल? आणि हलचा फुगवटा मधोमध ठेवावा की थोडा मागं?

सह्याद्री_भटक्या

वाचतोय. जबरदस्त धागा. कोयनेच्या पाण्यात शिडाची होडी बघायला मिळाली तर मी कासवरून धावत खाली येईन.

एकच सूचना. तो सगळा पट्टा कोयना अभयारण्याला लागून आहे, वासोट्याला जायलाही वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. होडीची नोंदणी आणि पाण्यात उतरवायची परवानगी आधी बघा, प्लाय नंतर आणा. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदाही नजरेखालून घाला.

जहाजी_मिरजकर

विषय माझ्या जिव्हाळ्याचा, त्यामुळे सविस्तर लिहितो. आयुष्य जहाजांच्या स्थिरतेची गणितं करण्यात गेलंय.

तुमच्या मापांवरून, हलचा आकार नेहमीसारखा निमुळता धरला तर दोन्ही हल मिळून साधारण १.१७ घनमीटर पाणी बाजूला सारतात. म्हणजे सगळ्या सामानासकट होडीचं वजन गोड्या पाण्यात ११७० किलोच्या आसपास असलं तर ती बरोबर आखलेल्या रेषेवर तरंगेल. कोकणात खाऱ्या पाण्याची घनता अडीच टक्के जास्त, तिथं ती अर्धा सेंटिमीटर वर येईल. तो फरक विसरून जा.

आता खरी गोष्ट. पाण्याच्या रेषेवर दोन्ही हलचं मिळून क्षेत्रफळ सव्वासहा चौरस मीटर भरतं. म्हणजे ६२ किलोला होडी एक सेंटिमीटर बसते. ६५ किलोचा माणूस बरोबर मध्यावर चढला तर एक सेंटिमीटर, संपला विषय. तोच माणूस तीन मीटर मागं जाऊन उभा राहिला तर? ६५ किलो गुणिले ३ मीटर, म्हणजे १९५. तुमच्या होडीचा कल एक सेंटिमीटरने बदलायला साधारण २७ पुरतात. म्हणजे सात सेंटिमीटरचा फरक पडला: मागचं टोक साडेतीन खाली, पुढचं साडेतीन वर. वजन तेच, माणूस तोच.

आता तुमची यादी घ्या. इंजिन ४०, पेट्रोल २०, बॅटरी २५, पाणी १००. हे १८५ किलो मध्यापासून तीन मीटर मागं ठेवलंत तर टोकाटोकांत २० सेंटिमीटरचा फरक. मागचं टोक १० सेंमी जास्त बुडालं. ज्या हलचा तळ मुळात ३० सेंमी पाण्यात आहे, त्याला १० म्हणजे फार झालं. मागची सपाट पाटी पाण्यात बुडते आणि तिच्यामागं भोवरे ओढत होडी चालते. लांब-अरुंद हलचा सगळा फायदा तिथंच संपतो. वर सुकाणूवर बसणारा माणूस मी अजून धरलेलाच नाही.

वल्हेकरी

मिरजकर काका, लई भारी समजावलंत.

आमच्या कृष्णेतल्या शर्यतीच्या होड्यांत हे आम्ही कागदाबिगर करतो. जड गडी मधी, हलका गडी टोकाला. जड गडी मागं बसला की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उचलती, होडी सरळ धरत नाही, वाऱ्यानं तोंड फिरवती. पुढं बसला तर नाळ पाणी कापायच्या जागी पाणी ढकलती. एक माणूस हातभर सरकला तरी वल्ह्याला कळतं. आमचे वस्ताद काठावर उभं राहून नुसतं बघून सांगायचे, "तू वीतभर पुढं घे."

माई_सातारा

कृष्णाकाठ, हा प्रश्न कागदावर सोडवण्याआधी हौदात सोडवा, असं मी सुचवेन. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आर्किमिडीजचं तत्त्व मुलांना पाठ असतं, पण वस्तू वाकडी का तरंगते हे विचारलं की गप्प बसतात.

एकास दहा मापाची प्रतिकृती करा. लांबी दहापट कमी झाली की घनफळ आणि वजन हजारपट कमी होतं. म्हणजे तुमची ११७० किलोची होडी इथं १ किलो १७० ग्रॅमची. इंजिन ४० ग्रॅम, पाण्याची टाकी १०० ग्रॅम, माणूस ६५ ग्रॅम. किराणा दुकानातली वजनं चालतील. हलवर दर सेंटिमीटरला पेनाने रेघ मारा, वजनं इकडची तिकडं करा आणि रेघा वाचा. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या होडीतला एक सेंटिमीटर.

शंकासुर

मूळ मुद्द्यालाच हात घालतो, राग नसावा. दोन हल कशाला? आपल्या नौदलाची म्हादेई एका हलची. कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. एक हल, खाली जड कील (तळाची वजनदार फळी), विषय संपला. कॅटमरन उलटली की उलटलीच, असं ऐकून आहे.

जहाजी_मिरजकर

@शंकासुर, बरोबर ऐकलंय. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीत नौदलाचे अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात गडगडली, डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली, पण होडी परत सुलटी झाली. ते कीलमुळे. कॅटमरनमध्ये ती सोय नाही. ती उलटी झाली की उलटीही तितकीच स्थिर असते.

पण त्याची दुसरी बाजू पाहा. कीलच्या होडीची स्थिरता शिशाच्या वजनातून येते, कॅटमरनची दोन हलमधल्या अंतरातून. शिसं नाही म्हणून होडी हलकी, हलकी म्हणून हल अरुंद ठेवता येतात, अरुंद म्हणून लाटा कमी उठतात आणि वेग मिळतो. शिवाय ती ३० सेंमी पाण्यातही तरंगते. बॅकवॉटरला हा गुण मोठा आहे.

कृष्णाकाठ यांच्या होडीला आडवं पाडायला लागणारा जास्तीत जास्त जोर म्हणजे एकूण वजन गुणिले मध्यरेषांतलं निम्मं अंतर: ११७० गुणिले १.७, जवळजवळ २०००. वाऱ्याकडचा हल पाण्यातून सुटतो त्या क्षणी ही मर्यादा गाठली जाते, आणि त्यानंतर होडीकडं राखीव काही उरत नाही. पूर्ण शीड उभारलं असताना २० नॉटच्या (ताशी साधारण ३७ किमी) वाऱ्यात तुमचा शिडाचा जोर साधारण ८५० होतो. वारा दीडपट झाला की जोर सव्वादोनपट. म्हणजे ३० नॉटला तुम्ही थेट काठावर.

आणि तोवर होडी झुकते जेमतेम सात-आठ अंश! कीलची होडी भरपूर झुकून आधीच इशारा देते. इथं वाऱ्याचा आकडा बघूनच शीड आखडायचं, अंगाला काही जाणवेपर्यंत थांबायचं नाही.

सह्याद्री_भटक्या

यात स्थानिक भर: एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तेव्हा त्या खोऱ्यात वारा पाच मिनिटांत शून्यावरून झाडं मोडेपर्यंत जातो. डोंगराच्या घळीतून एकदम खाली येतो. दुपारी तीननंतर जावळीच्या बाजूला ढग काळे दिसले की शीड खाली, इंजिन चालू, काठ गाठायचा. तिथले होडीवाले हेच करतात.

मालवणचा_बाबू

आमच्याकडे उलांडीची होडी असते, एका बाजूला लाकडाचा ओंडका. लहानपणापासून तिच्यावर वाढलो. तिच्यात शिस्त सोपी: वारा कुठल्या बाजूने आहे त्यावर माणूस उलांडीवर सरकतो. म्हणजे माणूसच हलतं वजन. तुमच्या कॅटमरनमध्ये माणसं केबिनमध्ये बसून राहणार, मग तोल कोण राखणार?

जहाजी_मिरजकर

बाबू, आडवा तोल तिच्यात माणसांवर फारसा अवलंबून नसतो. सहा माणसं एका हलवर गेली तरी होडी दोनेक अंशच झुकेल. उभा तोल मात्र, म्हणजे नाळ ते मागची पाटी, तो माणसांवर नक्की अवलंबून आहे. लोक नेहमी उलटं समजतात. बाजूला सरकू नका म्हणून ओरडतात आणि सगळे मागच्या बाकावर चहा घेत बसतात.

निशा_ऑकलंड

मूळची विश्रामबागची, आता ऑकलंड. इथं आम्ही शनिवार-रविवारी कॅटमरन चालवतो. मिरजकर काकांनी लिहिलंय ते मोठ्या होड्यांवरही रोज दिसतं.

चाळीस फुटी क्रूझिंग कॅटमरन मालकाच्या हातात आली की मागं डिंगी (छोटी होडी) टांगायची कमान लागते, वर सोलर पॅनल, खाली जादा डिझेल, दोन सायकली, डायव्हिंगच्या टाक्या. कारखान्यातून निघताना पाटी पाण्याच्या बोटभर वर असते. दोन वर्षांनी तिच्यावर शेवाळाची रेघ उमटते. ती रेघ बघून मी सांगते की या होडीचा वेग गेला.

दुसरी गोष्ट, दोन हलच्या मधला पूल. डेकचा तळ पाण्यापासून पुरेसा उंच नसेल तर लाट खालून धडका मारते. काच फुटेल असा आवाज, झोप अशक्य. वजन वाढलं की ही उंची कमी होते आणि मागं वजन असलं की मागच्या बाजूला आणखी कमी होते. तुम्ही किती ठेवलीय?

प्लायवाला_अण्णा

माझा लाकडाचा धंदा आहे, म्हणून फक्त वजनाचं बोलतो. परदेशी प्लॅनमध्ये ओकूमे या हलक्या लाकडाचा प्लाय धरलेला असतो. ९ मिलिमीटरची आठ बाय चारची शीट १३-१४ किलोच्या आसपास. आपल्याकडे आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतलात तर तीच शीट १९-२० किलोला जाते. मजबूत आहे, पाण्याला टिकतो, पण जड. तीस शीट लागल्या तर पावणेदोनशे किलो आधीच वाढले. मिरजकर साहेबांच्या हिशेबाने होडी पावणेतीन सेंटिमीटर बसली, अजून कुणी चढलेलं नाही.

प्रत्येक शीट तराजूवर घाला आणि वहीत लिहा. इपॉक्सीचे डबेसुद्धा.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. निशाताई, डेकचा तळ पाण्यापासून ४५ सेंमी धरलाय. शिवसागराला पुरेल, समुद्राला कमी वाटतोय.

अण्णा, तुमचा मुद्दा फार मोलाचा. वही आजच सुरू करतो.

हलच्या आकाराबद्दल कुणी बोललं नाही अजून. एका मित्राचा आग्रह आहे की जेम्स व्हॅरमच्या होड्यांसारखे इंग्रजी 'व्ही' आकाराचे, दोन्हीकडं टोकदार हल करावेत. १९५५-५६ मध्ये तो माणूस स्वतः बांधलेली जेमतेम साडेतेवीस फुटी 'तांगारोआ' घेऊन अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला गेला. मला मागं रुंद पाटी आवडते, कारण तिथं तरंगायला जागा मिळते.

निशा_ऑकलंड

४५ समुद्राला नक्कीच कमी. ६० करा.

मालवणचा_बाबू

मित्र बरोबर. दोन्हीकडे टोकदार होडी किनाऱ्यावर लाटेतून मागे-पुढे कशीही काढता येते. मागून लाट आली तरी ढुंगण उचलत नाही.

जहाजी_मिरजकर

इथं दोन्ही बाजूंना तथ्य आहे. आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मागं रुंद हल केला की मागं वजन पेलतं, हे खरं. पण वाऱ्यात होडी चालते तेव्हा वाऱ्याखालचा हल जास्त बुडतो. बुडताना त्याला जादा आधार कुठं मिळतो? जिथं फुगवटा आहे तिथं, म्हणजे मागं. आधाराचा मध्य मागं सरकला, वजनाचा मध्य जागेवरच राहिला, परिणामी नाळ खाली जाते. त्यात शिडाचा जोर पाण्यापासून चार-पाच मीटर वर लागतो आणि तोही नाळच दाबतो. मागून वारा घेऊन १०० किलोचा ओढा पाच मीटर उंचीवर लागला तर ५०० झाले, भागिले २७, म्हणजे जवळजवळ १९ सेंटिमीटर. नाळ नऊ-साडेनऊ खाली. पुढं हल सुरीसारखा बारीक असेल आणि वर राखीव घनफळ नसेल तर नाळ लाटेत घुसते, होडी जागच्या जागी थांबते आणि मागचा भाग डोक्यावरून पलटी मारतो. कॅटमरनचा हा सगळ्यात भयंकर अपघात.

उलट दोन्हीकडं टोकदार हल केले की हा कल फारसा बदलत नाही, पण होडी लाटांवर पुढं-मागं झुलत राहते, कारण झोल थांबवायला टोकांना रुंदी नसते. आणि 'व्ही' आकार सुरुवातीला पटकन बसतो, जास्त बुडेल तसा रुंदावत आधार देतो.

आमच्या भागात उसाची बैलगाडी भरताना गडी हेच बघतो: मागं जास्त झालं की गाडी उलाळते, पुढं जास्त झालं की बैलाच्या मानेवर जू चढतं. फरक एवढाच की गाडीचा आस जागचा हलत नाही. होडीचा आस म्हणजे आधाराचा मध्य, आणि तो प्रत्येक लाटेला हलतो. म्हणून तो फार हलू नये असा हल निवडायचा.

तुमच्यासाठी: फुगवटा मध्यापासून थोडासाच मागं, पाटी पाण्याच्या रेषेपासून दोन बोटं वर, मध्यम रुंद. नाळ पाण्याच्या रेषेवर बारीक, पण वर जाताना भरदार, म्हणजे खाली गेली की लगेच धक्का देऊन वर येईल. आणि दोन्ही टोकांना जड वस्तू नाही. नांगर-साखळीसुद्धा नाळेच्या टोकात ठेवू नका, डोलकाठीजवळ आणा.

वल्हेकरी

उसाच्या गाडीचं पटलं बघा. आमच्या आजोबांचा शब्द होता, "उलाळ काढ."

पलूसची_माया

थोडं अवांतर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ब्रह्मनाळला पुरातून लोकांना काढताना होडी उलटली. त्या आठवड्यात आम्हीही माळ्यावर होतो. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर होतं, धोक्याची पातळी ४५. गावात गुळाच्या काहिलीतून माणसं काढत होते. तेव्हापासून कुठलीही होडी बघितली की पहिला प्रश्न मनात तोच येतो. अशा दोन हलच्या रुंद होड्या पुरासाठी गावोगाव ठेवता येतील का?

जहाजी_मिरजकर

मायाताई, हे अवांतर नाही.

रुंद होडी गर्दीत एका बाजूला सहज झुकत नाही, हा तिचा मोठा गुण. पण पुराच्या पाण्यात दोन हलच्या मध्ये जलपर्णी, झाडाच्या फांद्या, तुटलेल्या तारा अडकतात आणि प्रवाह तिथंच होडी धरून ठेवतो. गल्लीत वळतही नाही. त्यासाठी एनडीआरएफ वापरतं त्या हवा भरलेल्या रबरी बोटीच योग्य: आपटल्या तरी भिंतीला आणि माणसाला इजा कमी, कप्पे वेगवेगळे असल्याने एक फुटला तरी तरंगतात.

खरं काम दुसरंच आहे. होडी कुठलीही असो, तिच्या बाजूवर मोठ्या अक्षरांत माणसांची संख्या आणि पाण्याची कमाल रेघ रंगवलेली हवी. रेघ बुडाली की पुढचा माणूस चढवायचा नाही. ती रेघ वाचायला इंजिनिअर लागत नाही.

पलूसची_माया

रेघ रंगवायचं ग्रामसभेत मांडते. धन्यवाद, काका.

माई_सातारा

माया, जरूर मांड. ते कसं मोजायचं हे शाळेतली मुलंही करून दाखवू शकतील. हवं तर मी येईन.

शंकासुर

मला पटलं. एकच राहिलं: एखादा हल फुटला तर?

जहाजी_मिरजकर

प्रत्येक हलमध्ये किमान तीन पाणबंद कप्पे. नाळेचा पहिला कप्पा कायमचा बंद, आदळली तर तोच फुटावा. शिवाय बाकांखाली फोम भरा. एक घनमीटर बंद पेशींचा फोम गोड्या पाण्यात साडेनऊशे किलोच्या वर तोलतो. उलटली किंवा भरली तरी होडी तरंगत राहिली पाहिजे, आणि माणसांनी तिला सोडून पोहत जायचं नाही.

कृष्णाकाठ_सांगली

माईंनी सांगितलं तसं प्रतिकृती करून शेडमागच्या हौदात सोडली. आधी सगळं मागं ठेवलं. पाटी पूर्ण पाण्यात, नाळ आकाशाला. डोलकाठीच्या शेंड्याला दोरा बांधून पुढं ओढला तर नाळ झपकन खाली गेली आणि मागची बाजू तेवढीच उडाली. अंगावर काटा आला.

मग पाण्याची टाकी मध्यापासून थोडी पुढं, दोन हलमध्ये वाटून घेतली. बॅटरी डोलकाठीखालच्या तुळईजवळ. इंजिन मागच्या पाटीवरून काढून डेकच्या मधोमध, पाटीपासून दीड-पावणेदोन मीटर पुढं एका सरकत्या फळीवर. पेट्रोल त्याच्याच शेजारी. आता पाटी पाण्याच्या दोन मिलिमीटर वर, म्हणजे खऱ्या होडीत दोन सेंटिमीटर. तेवढंच हवं होतं. सुकाणूवर ६५ ग्रॅमचं वजन ठेवलं तर ती पाण्याखाली जाते, म्हणून बाकही अर्धा मीटर पुढं घेतोय.

केबिनचं छत ९ ऐवजी ६ मिलिमीटर प्लायचं करणार, आत फोमच्या पट्ट्या. घरच्यांना उभं राहता येणार नाही, बसून जेवता येईल.

निशा_ऑकलंड

इंजिन मधे आणलंत हे उत्तम. लाटेत मागच्या टोकाला पंखा हवेत येतो, मधे तो पाण्यातच राहतो.

वल्हेकरी

पंगत मधीच वाढा म्हणजे झालं. भडंग आमच्याकडनं.

कृष्णाकाठ_सांगली

@वल्हेकरी, नक्की. पहिल्या फेरीला तुम्ही काठावर उभे राहून सांगायचं, कोण वीतभर पुढं आणि कोण मागं.

मिरजकर काका, एक शेवटची शंका. पाण्याची टाकी अर्धी झाली की आतलं पाणी हलेल. दोन हलमध्ये पन्नास-पन्नास लिटर आहे, जोडणारा पाइप उघडा ठेवू की बंद?

जहाजी_मिरजकर

बंद. चालताना नेहमी बंद. पाइप उघडा असेल तर होडी जरा झुकली की वरच्या हलमधलं पाणी खालच्या हलमध्ये जातं, म्हणजे जिथं वजन नको तिथंच. नांगर टाकून उभे असाल तेव्हाच व्हॉल्व्ह उघडून दोन्हीकडं समान करून घ्या. टाकीच्या आत लांबीला आडव्या दोन भोकं पाडलेल्या पाट्या बसवा, म्हणजे पाणी पुढं-मागं धावणार नाही. टाकीचं माप पाठवा, पाट्यांचं अंतर काढून देतो.